भात्याची नळी ते गॅसचा बर्नर : वऱ्हाडातील भट्टीच्या वाऱ्याचा इतिहास

१/
घाईघाईत उरकलेल्या ओबडधोबड कामाला मराठीत ‘घिसाडघाई’ म्हणतात. या शब्दात एका समाजाचे नाव ऐकू येते : घिसाडी, म्हणजे गावोगाव फिरून लोखंडी अवजारे घडवणारे लोहार. त्यांच्या हातांना घाई असे, हे खरेच. पण त्या घाईचे कारण लोखंडाच्या स्वभावात आहे. भट्टीतून काढलेला पातळ तुकडा काही क्षणांतच निवू लागतो. केशरी रंग उतरून काळसर लाल झाला, की हातोड्याचा घाव वाया जातो. मग पुन्हा तापवा, पुन्हा कोळसा जाळा, पुन्हा भाता ओढा.

२/
म्हणजे या घाईच्या मुळाशी भट्टी आहे आणि भट्टीच्या मुळाशी वारा. लोखंडाचा इतिहास आपण तलवारी, तोफा, फार तर नांगराचे फाळ यांच्या अंगाने वाचतो. तो वाऱ्याच्या अंगाने वाचला तर काय दिसते? आगीत वारा कोठून शिरतो, किती शिरतो, कोणत्या कोनातून शिरतो आणि तो घालतो कोण? अमरावती-अकोल्याचा वऱ्हाड आणि त्याच्या पूर्वेचा विदर्भ या टापूत या चार प्रश्नांची उत्तरे सुमारे २७०० वर्षांपर्यंत मागे जातात.

३/
आधी मूळ अडचण समजून घेऊ. चुलीत लाकूड जळते, भात शिजतो, पण त्या आगीत लोखंड घडवण्याजोगे तापत नाही. घडवण्यासाठी साधारण ९०० ते १२०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. दोन तुकडे ठोकून एकजीव करायचे असतील तर त्याहून अधिक. शुद्ध लोखंड वितळते ते १५३८ अंशांना. कोळशात एवढी उष्णता देण्याची ताकद असते. कमी पडतो तो प्राणवायू. स्वयंपाकघरातली फुंकणी हेच काम लहान प्रमाणात करते. निखाऱ्यावर फुंकर बसली की तो लालाचा पिवळा होतो. लोहाराचा भाता ही फुंकणीचीच थोरली बहीण.

४/
वऱ्हाडातच याचे उलट उदाहरणही आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना भाता लागत नसे. धाव जमिनीवर आडवी ठेवायची, भोवती गोवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायच्या. येथे लोखंड घडवायचे नसते, फक्त प्रसरण पावेल इतके तापवायचे असते. तापून मोठी झालेली धाव चाकावर बसवून पाणी ओतले की ती आकसते आणि चाक आवळून धरते. लोखंड फुगवायला मोकळी हवा पुरते. त्याला आकार द्यायचा तर वारा एका जागी, जोराने न्यावा लागतो.

५/
वारा एका जागी नेण्याचे साधन म्हणजे भात्याची नळी. भाता चामड्याचा, त्याला आगीजवळ नेणे शक्य नाही. म्हणून भाता आणि निखारे यांच्यामध्ये भाजलेल्या मातीची नळी बसवत. दिसायला क्षुल्लक वस्तू, पण भट्टीचे सारे गणित तिच्यात आहे. तोंड मोठे ठेवले तर वाऱ्याचा जोर मरतो. फार लहान ठेवले तर पुरेसा वारा जात नाही. नळी फार वर बसवली तर खालचा कोळसा विझतो; फार खाली बसवली तर वितळलेली मळी तोंडात शिरून ती बुजते.

६/
अशा नळ्यांचा विदर्भातील महत्त्वाचा पुरावा नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नैकुंड येथे मिळाला. १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन झाले. त्यात महापाषाणयुगीन लोकांची वस्ती, त्यांची शिळावर्तुळे आणि लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. काळ साधारण इसवी सनपूर्व सातवे शतक. भट्टी लहान, गोलसर, वक्राकार विटांची. तिच्यासोबत मातीच्या नळ्या आणि लोखंडाची मळी. विश्वास गोगटे यांनी या अवशेषांचा शास्त्रीय अभ्यास केला.

७/
या भट्टीत लोखंड वितळून वाहत नसे. अशा भट्टीत खनिज आणि कोळसा यांचे थर देऊन वारा घातला, की कोळशातून निघणारा वायू खनिजातला प्राणवायू ओढून घेतो. माती-दगडाचा अंश वितळून मळी होतो आणि स्पंजासारखा सच्छिद्र लोखंडी गोळा मागे राहतो. तो गोळा पुन्हा तापवून, ठोकून, आतली मळी पिळून काढावी लागते. या सगळ्या वेळात वारा खंडता कामा नये. मध्येच भाता थांबला तर मळी गोठते आणि दिवसभराची मेहनत दगड होऊन भट्टीत अडकते.

८/
भात्याच्या जुन्या नळ्या कोठेही सापडल्या, की पुरातत्त्वज्ञ आधी त्यांच्या टोकाकडे पाहतात. आगीकडचे टोक काचेसारखे वितळलेले, तकतकीत झालेले असते. भात्याकडचे टोक साध्या भाजक्या मातीसारखे राहते. एका वीतभर वस्तूची दोन टोके दोन वेगळ्या जगांत असतात. वितळलेल्या टोकावरून भट्टीतल्या उष्णतेचा अंदाज बांधता येतो, चिकटलेल्या मळीवरून नळी कोणत्या कोनात बसवली होती हेही कधी कधी कळते. चामडे, लाकूड, दोरी यांपैकी काहीच उरत नाही. भाता कुजून जातो आणि त्याचे तोंड तेवढे मागे राहते.

९/
नैकुंडच्या परिसरातच माहुरझरी आणि टाकळघाट-खापा ही स्थळे आहेत. तेथील शिळावर्तुळांत मृतांसोबत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर पुरलेले आढळले. माहुरझरीत घोड्याच्या सांगाड्याबरोबर तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगामाचे भागही मिळाले. ज्या समाजाने आपल्या मृतांसोबत इतके लोखंड जमिनीत ठेवले, त्याच्याकडे ते पुन्हा घडवणारे कुशल हात नक्कीच होते. त्या हातांचे नाव मात्र एकाही कबरीवर नाही.

१०/
आता पश्चिमेकडे, वऱ्हाडात येऊ. २०१८-१९ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात फुपगाव येथे उत्खनन केले. पूर्णा नदीच्या वळणावर लोहयुगीन वस्ती मिळाली. तिचा काळ इसवी सनपूर्व सातव्या ते चौथ्या शतकादरम्यान धरला जातो. म्हणजे नैकुंडची भट्टी पेटत होती त्याच सुमारास पूर्णेच्या खोऱ्यातही लोखंड वापरणारी माणसे नांदत होती.

११/
पण पूर्व विदर्भ आणि वऱ्हाड यांच्यात एक मोठा भूशास्त्रीय फरक आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे लोहखनिजाचे डोंगर आहेत; तेथील एका खनिजसमृद्ध गावाचे नावच लोहारा आहे. अमरावती-अकोल्याची भूमी मात्र बसाल्ट खडकाची आणि त्यावरच्या काळ्या कापसाच्या मातीची. येथे गाळण्याजोगे खनिज जवळपास नाही. म्हणून वऱ्हाडाचा लोहार मुख्यतः बाहेरून आलेले लोखंड घडवणारा कारागीर राहिला. खनिज त्याच्या हातात नव्हते. हातात होता तो कोळसा, वारा आणि घाव.

१२/
बाहेरून येणाऱ्या मालात पोलादही होते. अकबराच्या काळात अबुल फज़लने लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात इंदूर आणि निर्मळ येथील पोलादाच्या खाणींचा उल्लेख येतो. हे इंदूर म्हणजे माळव्यातले नव्हे, आजचे तेलंगणातील निजामाबाद. त्याच टापूतील कोनासमुद्रम गावी बंद मुशीत पोलाद बनत असे आणि ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. हेन्री व्हॉयसी या इंग्रज डॉक्टर-भूशास्त्रज्ञाने केलेले तेथील कामाचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले.

१३/
मुशीच्या पोलादात वाऱ्याची भूमिका वेगळी. येथे लोखंड आणि कर्बयुक्त पदार्थ मातीच्या बंद मुशीत असतात. वारा मुशीच्या बाहेरच्या कोळशाला लागतो. आतल्या धातूला त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नसतो. कारण तापलेल्या लोखंडाचा प्राणवायू हा मित्रही आहे आणि शत्रूही. आगीला तो हवा असतो, धातूला नको असतो. भट्टीत वारा जास्त झाला तर लोखंडावर काळी खपली धरते आणि धातू अक्षरशः जळून जातो. हे द्वंद्व लक्षात ठेवावे. गॅसच्या बर्नरपाशी ते पुन्हा भेटणार आहे.

१४/
गावगाड्यात लोहार हा बलुतेदार. वऱ्हाडात लोहारकाम करणाऱ्यांना ‘खाती’ असेही म्हटले जाई. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातींवरील ग्रंथात लोहार, खाती, घिसाडी, पांचाळ ही नावे एकाच प्रकरणात येतात. काळी माती चिकट आणि जड; तिला वखर, डवरा, तिफण लागते. वखराची पास दगडाला लागून बोथट होते, तिफणीचे फण झिजतात, विळ्याची धार जाते. हे सर्व पावसाळ्यापूर्वी दुरुस्त व्हायलाच हवे. त्यामुळे ऐन वैशाखाच्या उन्हात, जेव्हा सारा वऱ्हाड सावली शोधतो, तेव्हा लोहाराची भट्टी सर्वांत जास्त पेटलेली असे.

१५/
आता चौथ्या प्रश्नाकडे वळू : वारा घालतो कोण? बकऱ्याच्या कातड्याचे दोन भाते शेजारी शेजारी असत. एक दाबला की दुसरा उघडायचा, म्हणजे वाऱ्यात खंड पडत नाही. हात एका लयीत चालला पाहिजे. लोहार उजव्या हाती हातोडा, डाव्या हाती सांडशी धरून ऐरणीपाशी. भाता ओढायला घरातले दुसरे कोणी. बहुधा बायको, मुलगी, धाकटा मुलगा, म्हातारा बाप. घिसाडी कुटुंबांत तर बायका घणही चालवतात. नवऱ्याने सांडशीत लोखंड धरायचे आणि बायकोने समोरून घण मारायचा, हे दृश्य विदर्भातील बाजारगावांच्या रस्त्याकडेला आजही दिसते.

१६/
बलुते मात्र लोहाराच्या नावाने मोजले जाई. सुगीला खळ्यावर मिळणारे धान्य हे फाळ घडवण्याचे मोल होते. त्यात वाऱ्याचे मोल वेगळे नव्हते. भाता ओढणे हे ‘काम’ म्हणून कोठे लिहिले गेले नाही, कारण ते घरातल्या माणसाने करायचे होते. भट्टीच्या उष्णतेत या हातांचा वाटा कोळशाइतकाच होता. इतिहासाच्या साधनांत जे सापडत नाही ते घडलेच नाही असे नसते. पुष्कळदा ते इतके नित्याचे असते, की लिहिण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

१७/
घिसाडी किंवा गाडीलोहार यांची भट्टी फिरती. बैलगाडीत संसार आणि संसारातच ऐरण. मुक्काम पडला की जमिनीत वीतभर खड्डा करायचा, भात्याची नळी मातीत पुरून तिचे तोंड खड्ड्याच्या तळाशी काढायचे, वर कोळसा. भट्टी तयार! निघताना खड्डा तेथेच राहतो, नळी आणि भाता गाडीत चढतात. या भट्टीला भिंत नाही, छप्पर नाही, धुराडे नाही. तिचा जो भाग कारागीर जपून नेतो तो फक्त वाऱ्याचा मार्ग. भट्टीचा प्राण कशात आहे, हे याहून स्पष्ट कोणी सांगू शकणार नाही.

१८/
१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावला आणि १८७१ मध्ये अमरावतीला फाटे जोडले गेले. आगगाडीने कापूस नेला आणि परतीच्या वाटेवर विलायती लोखंडाच्या कांबी, पट्ट्या आणल्या. स्वस्त आणि एकसारखे लोखंड बाजारात मिळू लागल्यावर पूर्वेकडील छोट्या गाळभट्ट्या हळूहळू विझल्या. वऱ्हाडाच्या लोहाराचे काम मात्र थांबले नाही. त्याच्या हातातला कच्चा माल तेवढा बदलला.

१९/
सरकी काढण्याचे आणि गासड्या बांधण्याचे कारखाने अमरावती, अकोला, खामगाव येथे वाफेवर चालू लागले. यंत्रे म्हटली की त्यांची दुरुस्ती आली. १८७० च्या दशकात वरोऱ्याची कोळसाखाण सुरू झाली आणि दगडी कोळसा जवळ आला. लाकडी कोळशाचे चित्र उलटे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेळघाटाची जंगले सरकारी राखणीखाली गेली आणि जंगलातले सरपण, कोळसा यांवर निर्बंध आले. दगडी कोळसा पेटायला जड, त्याला वारा जास्त लागतो, आणि त्यातले गंधक लोखंडाला बाधते. इंधन बदलले की वाराही बदलावा लागतो.

२०/
तो बदल पंख्याच्या रूपाने आला. ओतीव लोखंडाच्या गोल डबीत पाती, बाहेर दातेरी चाके आणि एक मूठ. मूठ एकदा फिरवली की आतला पंखा कितीतरी वेळा फिरतो. कातड्याच्या भात्याची उघडझाप संपली, वारा अखंड झाला. पुढे वीज आली आणि पंख्याला मोटार लागली. आज रस्त्याकडेच्या भट्टीजवळ ‘ब्लोअर’ घरघरताना दिसतो. भाता ओढणारी व्यक्ती आता बटण दाबते आणि घण उचलायला मोकळी होते. कष्ट कमी झाले. तरी जमिनीतली नळी आणि तिच्या तोंडाचा प्रश्न जसाच्या तसा राहिला.

२१/
पुढचे पाऊल असे होते, की ज्यात वारा घालणाराच लागत नाही. त्याची मुळे युरोपात आहेत. १७९७ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी बातिस्ता व्हेंतुरी यांनी अरुंद मार्गातून वेगाने जाणारा प्रवाह भोवतालचे द्रव ओढून घेतो, यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. १८५५ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन आणि त्यांचे यंत्रकार पीटर डेसागा यांनी प्रयोगशाळेतला बर्नर सिद्ध केला. त्यात गॅसची बारीक धार नळीत शिरताना बाजूच्या छिद्रांतून हवा आपणहून ओढून घेते. शाळेच्या प्रयोगशाळेतील ती निळी ज्योत म्हणजे भात्यावाचून चालणारा भाता!

२२/
भारतात द्रवरूप पेट्रोलियम गॅस १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीने मुंबईत आणला. १९६५ मध्ये इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ कोलकात्यात सुरू झाला. हा गॅस प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. शुद्ध प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास. म्हणून थंड देशांतील हौशी लोहार प्रोपेनच वापरतात. अलीकडच्या दशकांत जगभर सुऱ्या, कुऱ्हाडी घडवणाऱ्या हौशी कारागिरांनी घरगुती गॅसभट्टीचा प्रसार केला. तिची रचना समजून घेतली, तर नैकुंडच्या नळीचे महत्त्व अधिक उलगडते.

२३/
अशा बर्नरचे तीन भाग. पहिला : अत्यंत बारीक छिद्राची तोटी, जिच्यातून दाबाखालचा गॅस वेगाने सुटतो. दुसरा : तिच्यासमोरची सरळ नळी. धारेच्या वेगाने मागच्या मोकळ्या तोंडातून हवा आत खेचली जाते आणि नळीत गॅसशी मिसळते. तिसरा : पुढे किंचित रुंदावणारे तोंड, जेथे मिश्रणाचा वेग मंदावतो आणि ज्योत टिकून राहते. प्रोपेनच्या एका भागाला, घनफळाने मोजल्यास, पूर्ण ज्वलनासाठी सुमारे २४ भाग हवा लागते. तोटीचे छिद्र नळीच्या मध्यरेषेपासून जरा जरी तिरके बसले तरी हवा कमी ओढली जाते आणि ज्योत निळ्याची पिवळी होते.

२४/
आता बसवणी. भट्टी म्हणजे आतून तापरोधक अस्तर दिलेले नळकांडे. बर्नर त्यात सरळ मध्यावर रोखत नाहीत. जरा बाजूला, तिरका बसवतात. त्यामुळे ज्योत थेट लोखंडावर न आदळता भिंतीच्या वळणाने गोल फिरते आणि उष्णता सर्वत्र सारखी पसरते. बर्नरचे तोंड भट्टीच्या पोकळीत बाहेर काढत नाहीत, अस्तराच्या जाडीत थोडे मागे ठेवतात. पुढे आलेले तोंड तापून जळते. नैकुंडच्या काळात मातीच्या नळीचे टोक वितळे ते याच कारणाने. बर्नर थोडा मोठ्या व्यासाच्या नळीत स्क्रूंनी अधांतरी पकडतात, म्हणजे कोन बदलता येतो आणि भट्टीची उष्णता थेट बर्नरच्या अंगात चढत नाही.

२५/
धोकाही वाऱ्याशीच जोडलेला आहे. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. गळला तर वर न जाता जमिनीवर साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. हवा कमी पडली तर गंधहीन, जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप तापला की त्याचा धूर विषारी. अस्तराच्या लोकरीचे तंतू फुप्फुसात जातात, म्हणून त्यावर तापरोधक लेप आवश्यक. भट्टी विझवल्यावर आतली तप्त हवा उभ्या बर्नरमधून वर चढते आणि तोटीला तापवते. स्वयंपाकाच्या रेग्युलेटरचा दाब या कामाला अपुरा असतो आणि त्याच्याशी छेडछाड करणे प्राणघातक. घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणे बेकायदाही आहे. हे घरच्या गच्चीवर, व्हिडिओ पाहून करण्याचे काम नाही.

२६/
आता दोन नळ्या शेजारी ठेवून पाहू. एक मातीची, एक लोखंडी. मध्ये सुमारे २७०० वर्षे. दोन्हींच्या कर्त्यांपुढे प्रश्न तेच : तोंड केवढे, कोन कोणता, टोक आगीत किती आत, धातूला न जाळता आगीला किती वारा द्यायचा. कोळशाच्या भट्टीत वारा जास्त झाला की खपली धरते, गॅसच्या भट्टीतही तेच. लोहार ते ज्योतीच्या रंगावरून आणि आवाजावरून ओळखतो. हे ज्ञान पुस्तकात उशिरा आले. त्याआधी ते कान आणि डोळे यांच्यामार्फत पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेले.

२७/
बदलले ते एकच : वारा घालणारे माणूस. कातड्याच्या भात्याला दोन हात लागत, पंख्याला एक, ब्लोअरला एक बोट, बर्नरला कोणीच नाही. या कष्टातून सुटका झाली याचे दुःख करण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात भट्टीसमोर भाता ओढणाऱ्या मुलीचे शाळेचे दिवस त्या भात्यानेच खाल्ले होते. मात्र सुटकेचा लाभ कोणाला, हा प्रश्न उरतो. गॅसभट्टी, तिचा दाब नियंत्रक, अस्तर, सिलिंडर यांना भांडवल लागते आणि पक्की जागा लागते. महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत असलेल्या घिसाडी समाजातील अनेक कुटुंबांकडे दोन्ही नाही. म्हणून त्यांची भट्टी आजही जमिनीतल्या खड्ड्यात आहे.

२८/
कारखान्यात तयार झालेली अवजारे दुकानात मिळतात. ट्रॅक्टरने वखर-तिफणीचे काम घटवले. बैलगाडीला रबरी टायर आले आणि धाव चढवण्याची विद्या विसरली गेली. या क्रमाने पुढच्या पिढीत रस्त्याकडेची भट्टी उरेलच असे नाही. नैकुंडच्या भट्टीचे मोजमाप आहे, नकाशा आहे, अहवाल आहे. आज अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर पेटणाऱ्या भट्ट्यांचे तसे टिपण फारसे कोणी करत नाही. सत्तावीसशे वर्षांपूर्वीची नळी आपण जपून ठेवतो आणि तिचा जिवंत वंश आपल्यादेखत विझतो, ही विसंगती इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये.

२९/
इतिहासाची आवड असलेल्यांसाठी यात एक सोपे काम आहे. गावाकडे जुना लोहार, घिसाडी कुटुंब असेल तर त्यांच्या परवानगीने काही गोष्टी विचाराव्या : भाता कशाचा होता? पंखा केव्हा आला, वीज केव्हा? नळी कशाची, तिचे तोंड किती बोटांचे? कोळसा कोठून येई? आणि शेवटी, भाता कोण ओढत असे? उत्तर देणाऱ्या आजी बहुधा हसतील, कारण हा प्रश्न त्यांना यापूर्वी कोणी विचारलेला नसेल. ते उत्तर नाव-गाव-तारखेसह लिहून ठेवावे. उद्याच्या अभ्यासकाला ते नळीच्या वितळलेल्या टोकाइतकेच मोलाचे ठरेल.

३०/
आणि ‘घिसाडघाई’ हा शब्द पुन्हा ओठांवर आला, तर क्षणभर थांबावे. ती घाई तापलेल्या लोखंडाच्या रंगाशी लावलेली शर्यत होती. एकाने भाता ओढून ती उष्णता आणलेली असे, आणि ती निवण्याआधी दुसऱ्याने घाव घालायचा असे. दोघांपैकी एकाचेही नाव इतिहासात नाही. त्यांनी घडवलेल्या फाळाने नांगरलेली काळी माती मात्र आजही पिकते आहे.